पिंग



‘पिंग’ हा मुळात नुसता आवाज. टेबल टेनिसचं ‘पिंगपाँग’ हे नावही चेंडूच्या आवाजावरून पडलं. पाणबुडीतल्या सोनार यंत्राचा पिंग आदळून परत आला, की समोर काहीतरी आहे हे कळतं. त्यावरूनच १९८३ मध्ये माइक मूस यांनी आपल्या प्रोग्रॅमला हे नाव दिलं. पलीकडचा संगणक ‘हजर’ म्हणतो का, एवढंच तो विचारतो. ऑफिसात ‘पिंग कर’ म्हणजे निरोप पाठव.

उत्तर आलं नाही, म्हणजे पलीकडे कुणी नाही असं नसतं. कधी मधली फायरवॉल ते अडवते. आपल्या ग्रुपवरही काही जण वर्षानुवर्षं गप्प आहेत. त्यांची गैरहजेरी मांडण्याआधी एकदा घरी जाऊन हाक मारू या.