तिकीट, एटिकेट आणि नेटिकेट



‘नेटिकेट’ हा शब्द आपली मुले संगणकाच्या तासाला शिकतात. ‘नेट’ आणि ‘एटिकेट’ यांचा हा जोडशब्द १९८०च्या दशकाच्या प्रारंभी, संगणकांच्या जाळ्यावरून एकमेकांना लिहिणाऱ्या मोजक्या मंडळींत रूढ झाला. त्यातले ‘एटिकेट’ मूळचे फ्रेंच. अर्थ, चिकटवलेली चिठ्ठी. पुढे राजदरबारी कोणी कसे वागावे या नियमांनाच ते नाव पडले. इंग्रजी ‘टिकेट’ही त्याच कुळातले. म्हणजे मदनमहाल स्थानकावर आपण काढतो ते तिकीट नेटिकेटचे चुलतभावंड ठरते!

१९९५ साली सॅली हॅम्ब्रिज यांनी या शिष्टाचाराची नियमावली प्रसिद्ध केली. सगळा मजकूर मोठ्या अक्षरांत लिहिणे म्हणजे ओरडणे, असे तीत म्हटले आहे. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नाहीतच. मग मराठीत आपण ओरडतो कसे? मला वाटते, मायना गाळून. ‘तीर्थरूप’, ‘चिरंजीव’, ‘शि. सा. न. वि. वि.’ ही पत्राच्या माथ्यावर चिकटवलेली चिठ्ठीच होती. कोण कोणास लिहितो आहे, हे पहिल्या ओळीतच ठरे. जबलपुरात तर आपली दुहेरी कसरत. आईला आपण मराठीत ‘तू’ म्हणतो, आणि शेजारच्या हिंदी घरातला मुलगा आपल्या आईला ‘आप’ म्हणतो. उद्धट दोघांपैकी कोणीच नाही. विनोबांनी ‘संस्कारधानी’ म्हटलेल्या या शहरात एकच नियमावली कशी पुरावी?

हे मला उशिरा उमजले. आमच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर सरांनी शाळेची एक जुनी आठवण लिहिली. तीत साल चुकले होते. मी खाली एवढेच लिहिले : ‘चूक. १९७१.’ त्यानंतर सर गटावर काही लिहीनात. रागाचे उत्तर रात्रभर थांबून पाठवावे, असा सल्ला त्या नियमावलीत आहे. पण मला राग कुठे होता? होती ती केवळ घाई. अखेर टपाल कार्यालयातून आंतरदेशीय पत्र आणले आणि आरंभ केला, ‘तीर्थस्वरूप गुरुवर्य सरांस, शि. सा. न. वि. वि.’

दहा दिवसांनी माझेच पत्र लिफाफ्यातून परत आले. सरांनी समासात लिहिले होते, ‘साल मान्य.’ आणि माझे चार ऱ्हस्व-दीर्घ लाल शाईने दुरुस्त केले होते.