नव्या संगणकात जुनी डिस्क

श्रोतेहो, आपल्याकडे नवे घर बांधायला काढले की जुन्या घरातले सागवानी खांब आणि तुळया कुणी फेकून देत नाही. सुतार त्या ठोकून पाहतो, वाळवी लागली आहे का ते तपासतो, आणि ज्या धड आहेत त्या नव्या घराला लावतो. संगणकाचेही असे करता येईल का? शाळेतला दहा-बारा वर्षांचा संगणक बंद पडतो, नवा येतो. पण निकालपत्रके, प्रश्नपत्रिका, मुलांची छायाचित्रे हे सारे जुन्याच्या पोटात राहते. ती डिस्क काढून नव्यात बसवली, तर काम भागेल काय?

उत्तर देण्याआधी एक भेद ध्यानात घेऊ. डिस्कवर दोन निरनिराळ्या गोष्टी नांदत असतात: एक आपली माहिती आणि दुसरी संगणक चालवणारी कार्यप्रणाली, म्हणजे विंडोज किंवा लिनक्स. माहिती म्हणजे कणगीतले धान्य. ते कुठल्याही घरी नेले तरी धान्यच राहते. कार्यप्रणाली म्हणजे जुन्या घरचा कारभारी. त्याला तिथली प्रत्येक खोली आणि प्रत्येक किल्ली ठाऊक असते. नव्या घरात मात्र तो बावरतो.

तेव्हा आधी धान्य हलवावे. संगणक बंद पडला म्हणजे डिस्क गेली असे नव्हे. पुष्कळदा मदरबोर्ड किंवा वीजपुरवठ्याचा डबा गेलेला असतो. डिस्क बाहेर काढून यूएसबीच्या जोडणीने दुसऱ्या संगणकाला लावावी. अगदी जुनी, रुंद पट्टीची आयडीई डिस्क असेल तर तिच्यासाठी वेगळी जोडणी मिळते. डिस्क टकटक आवाज करीत असेल तर ती पुन्हा पुन्हा चालू करू नये. एकदाच लावावी आणि महत्त्वाचे कागद आधी उतरवावेत. माहितीच्या तीन प्रती असाव्यात: त्या दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. जुन्या संगणकात बिटलॉकरचे कुलूप लावलेले असेल, तर नव्या यंत्रात ते ४८ अंकी किल्ली मागते. ती किल्ली हाती नसेल, तर डिस्क शाबूत असूनही आतले काही वाचता येत नाही.

आता कारभाऱ्याकडे वळू. जुनी डिस्क नव्यात लावली आणि विंडोज सुरूच झाले नाही, असे का होते? पहिले कारण यंत्र सुरू होण्याच्या रीतीत आहे. जुने संगणक बायॉस पद्धतीने सुरू होत आणि त्यांच्या डिस्कची आखणी एमबीआर प्रकारची असे. अलीकडचे बरेच संगणक केवळ यूईएफआय पद्धतीने सुरू होतात. त्यांना जीपीटी आखणी लागते. ही आखणी बदलण्याचे साधन विंडोज १० मध्ये २०१७ पासून आहे. पण माहितीची प्रत घेतल्यावाचून त्याला हात लावू नये. दुसरे कारण म्हणजे, नव्या यंत्राचे भाग चालवणारे ड्रायव्हर जुन्या विंडोजजवळ नसतात. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर मुळातच बरोबर येतात, म्हणून लिनक्सची डिस्क नव्या यंत्रात पुष्कळदा बिनतक्रार चालू होते.

तिसरी बाब परवान्याची. संगणकाबरोबर आलेला विंडोजचा परवाना त्या यंत्रापुरताच असतो. वेगळा विकत घेतलेला परवाना मात्र जुन्यावरून काढून नव्यावर नेता येतो. शिवाय विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणून माझे मत असे, की नव्या यंत्रात कार्यप्रणाली नवी घालावी, तीही एसएसडीवर. आणि जुनी डिस्क तपासून धड निघाली तर दुसरी कणगी म्हणून ठेवावी. साटा जोडणीची जुनी डिस्क मेजावरच्या नव्या संगणकात सहसा बसते. मात्र एकुलती एक प्रत तिच्यावर सोडू नये.

आता शिक्षकबंधूंसाठी आणि भगिनींसाठी एक खास गोष्ट. युनिकोड रूढ होण्यापूर्वी आपले मराठी टंकन श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांत होई. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवलेली असत. अशी फाइल नव्या संगणकात उघडली, आणि तो फॉन्ट तिथे नसला, की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. फाइल बिघडली असे समजून कुणी ती पुसून टाकते, आणि वीस वर्षांपूर्वीचा हस्तलिखिताचा अंक किंवा गावच्या इतिहासाची टिपणे कायमची जातात! प्रत्यक्षात फाइल धडधाकट असते. म्हणून जुनी डिस्क पुसण्यापूर्वी विंडोजच्या कप्प्यातला फॉन्टांचा कप्पाही उतरवून घ्यावा, आणि मग सवडीने त्या फाइली युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात. अशी रूपांतराची साधने उपलब्ध आहेत. बदललेला मजकूर मुळाशी ताडून पाहावा; जोडाक्षरांत चुका राहतात.

सारांश, आधी प्रत, मग तपासणी, आणि त्यानंतरच जोडणी. नवे यंत्र पैसे टाकले की बाजारात मिळते. शाळेच्या पाच-पंचवीस वर्षांच्या नोंदी कुठल्याही दुकानात मिळत नाहीत. भंगारवाल्याच्या हाती जुना संगणक देण्यापूर्वी त्याच्या पोटात काय आहे ते एकदा पाहून घ्या, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.