माइक कोणाच्या हातात?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



रेडिओ आपल्या घरात फार वर्षांपासून आहे. तो बोलत आला, आपण ऐकत आलो. कपाशीवर काय फवारायचं ते त्यानं सांगितलं. फवारणीचा खर्च भरून निघेल असा भाव का मिळत नाही, हे त्याला विचारायची सोय मात्र नव्हती.

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं एक निकाल दिला. भांडण क्रिकेटचे सामने दाखवण्याचं होतं. पण न्यायालयानं सांगितलं, की या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत, सरकारची मक्तेदारी नाही. तरी सामान्यांच्या संस्थांना रेडिओचा परवाना मागता येण्यासाठी २००६ साल उजाडलं. तोही १०० वॅटचा. दहा-पंधरा किलोमीटर आवाज पोचतो. गावोगावच्या शिवाराला तेवढा पुरे.

तेलंगणात झहीराबादजवळ माचनूर गाव आहे. जमीन आपल्यासारखीच कोरडवाहू, पिकं ज्वारीची आणि कडधान्यांची. १५ ऑक्टोबर २००८ रोजी तिथं 'संघम रेडिओ' सुरू झाला. चालवणाऱ्या कोण? शेतात राबणाऱ्या दलित बाया. दोघी मुख्य, दोघींचं नाव नरसम्मा. बियाणं कसं राखायचं, कोणत्या दुखण्यावर कोणता पाला चालतो, पेरणीची गाणी, सगळं त्यांच्या बोलीत. बीटी कपाशीला त्यांच्या संघमचा विरोध आहे. तंत्रज्ञान निवडायचं स्वातंत्र्य आपण मागतो. आपलं आणि त्यांचं इथं जुळणार नाही. न जुळो! आपलं म्हणणं त्या स्वतःच्या तोंडानं मांडतात, मला मोल त्याचं आहे. आपल्याकडेही साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवडला, २००८ पासूनच 'माणदेशी तरंग' आहे.

अशा केंद्रावर गाणी लावणारा, बोलणारा बहुधा गावातलाच स्वयंसेवक असतो. गाणं लागलं की माणूस थांबतो. थांबला की दोन कामाच्या गोष्टी ऐकतो. म्हणून गाणं कोणतं, कोणत्या वेळी, हे त्याला कळावं लागतं. बाई वेचणीला गेली असताना तिच्यासाठीचा कार्यक्रम लावून काय उपयोग? चूल पेटल्यावर लावा.

आता दोन अडचणी. पहिली, बंदी. २००६ च्या नियमांनी या केंद्रांना बातम्या आणि राजकारण वर्ज्य केलं. पुढे बातम्यांना वाट दिली, ती आकाशवाणीच्याच. म्हणजे ओवी गा, पाककृती सांगा. आयात-निर्यातीच्या धोरणानं कापूस कसा पडला, ते बोलायचं झालं की नियम आडवा! शेतकऱ्याला तोंड दिलं, पण जीभ बांधून दिली.

दुसरी अडचण आपल्याच घरातली. स्वयंसेवक म्हणजे फुकटचा गडी नव्हे. वेचणीच्या दिवसांत जी पोरगी माइकपुढे बसते, तिचा रोज बुडतो. घामाचे दाम मागणाऱ्यांनी तिचा घाम फुकट धरला, तर आपल्यात आणि भाव पाडणाऱ्यांत फरक काय राहिला?

म्हणून माझं मागणं असं. परवाना राजकीय पक्षांना मिळत नाही. तीन वर्षं काम केलेल्या नोंदणीकृत संस्थेला, कृषी विज्ञान केंद्राला मिळतो. जिथं असं केंद्र आहे तिथं जा आणि आठवड्याचा एक तास मागा. प्रत्येक गावानं बोलणारी दोन माणसं द्यावीत, त्यात एक बाई हवीच. त्यांचा बुडालेला रोज गावानं वर्गणीतून भरावा. आणि बातमीवरची बंदी उठवा, असा ठराव याच मेळाव्यात व्हावा.

कापसाचा भाव दुसरा ठरवतो, ते आपण सोसतोय. आपण काय बोलायचं, तेही दुसऱ्यानंच ठरवायचं का?