वेग मंदावताना

पेट्रोल आणि वीज या दोहोंवर चालणारी टोयोटाची 'प्रियस' ही हायब्रिड मोटार १९९७मध्ये जपानमध्ये आणि २०००मध्ये अमेरिकेत विक्रीस आली. 'एका गॅलनमध्ये किती मैल?' या प्रश्नावरून तिच्या तेथील चाहत्यांची मैत्री जुळली. वेग मंदावताना एरवी वाया जाणारी ऊर्जा ही गाडी बॅटरीत साठवते. मात्र दीर्घकाळ उभी राहिली, तर तिचीही बॅटरी उतरते.

निवृत्तीचेही तसेच आहे. वेग मंदावला, तरी चलनवलन थांबता कामा नये. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीनंतरही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि निदान तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सुचवते. हा नेम एकट्याने टिकणे कठीण. म्हणून गाडीमुळे जुळलेल्या मित्रांनी गाड्या उभ्या करून सोबत चालावे. कोपऱ्यावर मित्र वाट पाहत असला, की पहाटे अंथरूण सोडणे जड जात नाही.