हिराबाईंनी फेडलेले ऋण

झाशी म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर १८५७ चा संग्राम आणि घोड्यावर स्वार झालेली राणी उभी राहते. त्या राणीचे पती गंगाधरराव नेवाळकर यांची आठवण मात्र सहसा कोणी काढीत नाही. १८५३ मध्ये निधन पावलेला झाशीचा हा मराठी राजा नाटकांचा मोठा शौकीन होता. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५८ च्या वेढ्याच्या वेळी झाशीत होते. त्यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकात गंगाधरराव स्त्रीवेष धारण करीत असल्याची हकीकत आली आहे, आणि ते स्वतः नाटकांत स्त्रीभूमिका करीत अशी आख्यायिकाही पुढे रूढ झाली. तिच्यात इतिहास किती आणि लोकांची जीभ किती, याचा निवाडा इतिहासकारांनी करावा. एक गोष्ट मात्र तिच्यातून स्पष्ट होते. पुरुषाने लुगडे नेसून रंगभूमीवर यावे, ही कल्पना त्या काळच्या समाजाला परिचयाची होती. घरंदाज स्त्रीने स्वतः तेथे यावे, ही कल्पनाच त्याला सहन होण्यासारखी नव्हती.

गंगाधरराव झाशीला हयात असतानाच, १८४३ मध्ये, इकडे सांगलीला विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ हे नाटक रंगभूमीवर आणले. त्यातली सीता पुरुषच होता. पुढे अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ आणि १८८२ मध्ये ‘सौभद्र’ रंगविले, आणि मराठी माणसाला नाट्यसंगीताचे वेड लागले. भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा आणि त्यांच्यामागून बालगंधर्वांच्या भामिनी व सिंधू यांनी हे वेड शिगेला नेले. हे काही आपल्याच देशात घडले असे नाही. संगीतनाटकाचे युरोपातले भावंड म्हणजे ऑपेरा. त्याच्या जन्मभूमीत, इटलीत, पोपच्या राज्यात स्त्रियांना रंगभूमी दीर्घकाळ बंद होती आणि त्यांच्या भूमिका पुरुष गायक उंच स्वरात गात असत. ऑपेरात सारे नाटक गाऊन दाखवितात आणि आपल्याकडे गद्य संवादांमध्ये पदे येतात, एवढा भेद आहे. परंतु दोन्हींकडे नटाला आधी गवई व्हावे लागते, आणि दोन्हींकडे स्त्रीचे गाणे स्त्रीच्या कंठातून ऐकण्यास समाजाने बराच वेळ लावला.

आपल्याकडे हा वेळ संपविणाऱ्या ज्या थोड्या स्त्रिया झाल्या, त्यांत हिराबाई बडोदेकर यांचे स्थान वेगळे आहे. त्या संगीतनाटकात आल्या, चित्रपटात आल्या आणि अखेरीस मैफलीत स्थिरावल्या. या तिन्ही ठिकाणी त्यांनी काय मिळविले, यापेक्षाही काय सोसून मिळविले, हे पाहण्यासारखे आहे.

हिराबाईंचा जन्म १९०५ साली मिरजेस झाला. किराणा घराण्याचे थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खां हे त्यांचे वडील आणि बडोद्याच्या माने घराण्यातील ताराबाई या त्यांच्या आई. बडोदे दरबारात खांसाहेब गायक असताना या दोघांचा स्नेह जुळला आणि राजाश्रय सोडून ती दोघे बाहेर पडली. मुलीचे पाळण्यातले नाव चंपाकली. घरात चोवीस तास तंबोरा लागलेला असावा, अशा वातावरणात ती वाढली. परंतु पुढे ताराबाई खांसाहेबांपासून विभक्त झाल्या आणि पाच मुलांना घेऊन त्यांनी स्वतंत्र बिऱ्हाड केले. मुलांची नावे बदलली. अब्दुल रहमानचा सुरेश झाला, चंपाकलीची हिरा झाली, गुलाबची कमला, सकीनाची सरस्वती. नावे बदलली, तरी गळे बदलत नाहीत. वडिलांचे छत्र गेले. वडिलांचा सूर मात्र त्या घरातून गेला नाही.

थोरले बंधू सुरेशबाबू माने हे हिराबाईंचे पहिले गुरू. त्यानंतर किराणा घराण्याचेच उस्ताद अब्दुल वहीद खां यांची तालीम त्यांना लाभली. वहीद खां यांची गायकी अतिविलंबित. एकेका स्वराची बढत करताना ते घाई म्हणून करीत नसत. ज्या विद्यार्थ्याला टाळ्यांची हौस असेल, त्याच्या अंगाला ही तालीम लागणारी नव्हे. हिराबाईंच्या अंगाला ती लागली. स्वर शुद्ध लावावा, तो लागल्यावर त्याच्याशी थोडे थांबावे, आणि मग पुढच्या स्वराकडे वळावे, हा संस्कार त्यांच्या गाण्यात अखेरपर्यंत राहिला. रंगभूमीवर आणि पडद्यावर त्या ज्या भांडवलावर गेल्या, ते हेच.

त्या काळी गाणारी स्त्री म्हटली की समाजाच्या मनात एक ठराविक चित्र उभे राहत असे. तिची बैठक खाजगी दिवाणखान्यात व्हावयाची. निमंत्रित रसिक लोडाला टेकून बसलेले असावयाचे. गाण्याबरोबर भावाभिनय आणि हातवारे यांची अपेक्षा असावयाची. तिच्या विद्येला दाद मिळे, परंतु तिला स्वतःला प्रतिष्ठा मिळत नसे. तिचे गाणे ऐकण्यास जाणारा गृहस्थ आपल्या पत्नीला बरोबर नेत नसे, एवढे सांगितले म्हणजे पुरे. हिराबाईंनी हे चित्र वादविवाद न करता पुसून टाकले. तिकीट लावून नाट्यगृहात जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या स्त्री-गायिका म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. पोशाख साधा, बसणे निश्चल, चेहऱ्यावर गाण्याखेरीज दुसरा कसलाही आविर्भाव नाही. ज्याच्यापाशी तिकीट, त्याला प्रवेश; मग तो सरदार असो की कारकून, पुरुष असो की स्त्री. तिकिटाचा हा छोटासा कागद वरवर व्यवहाराचा दिसतो. परंतु त्याने गायिकेला आश्रयदात्याच्या मर्जीतून सोडविले आणि श्रोत्याला आपल्या कुटुंबासह गाण्यास येण्याचा उजळ माथा दिला.

अशा वेळी, मैफलीत नाव होत असताना, हिराबाई रंगभूमीकडे वळल्या. ताराबाईंनी पुण्यात नूतन संगीत विद्यालय चालविले होते. १९२९ मध्ये त्याच विद्यालयाची नाट्यशाखा निघाली. सुरेशबाबू, हिराबाई, कमलाबाई आणि वयाने लहान असलेल्या सरस्वतीबाई अशी सारी भावंडे तीत उतरली. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी आणि पुरुषांच्या पुरुषांनी कराव्यात, ही गोष्ट आज सांगण्यासारखीही वाटत नाही. परंतु त्या वर्षी बालगंधर्व पूर्ण भरात होते, आणि खऱ्या स्त्रीपेक्षा गंधर्वांची स्त्री अधिक स्त्री वाटते, असे म्हणणारे रसिक घरोघर होते. स्त्रिया त्यापूर्वी रंगभूमीवर आल्याच नव्हत्या असे नव्हे. कमलाबाई गोखले यांच्यासारख्या अभिनेत्रींनी आधीच पाऊल टाकले होते. परंतु मुरलेल्या ख्यालगायिकेने ‘सौभद्र’मधील सुभद्रा होऊन उभे राहावे आणि ज्या पदांवर भाऊरावांची व गंधर्वांची मुद्रा उमटलेली, तीच पदे आपल्या रीतीने गावीत, यात निराळेच धाडस होते. ‘सौभद्र’, ‘संशयकल्लोळ’, ‘एकच प्याला’ अशा नावाजलेल्या नाटकांबरोबर मीराबाईच्या जीवनावरील नाटकही त्यांनी केले, आणि संत कवयित्रीची ती भूमिका त्यांच्या शांत गाण्याला विशेष शोभली.

अभिनयाच्या कसोटीवर हिराबाई श्रेष्ठ नटी होत्या काय? या प्रश्नाचे उत्तर भाबडेपणाने देऊ नये. त्यांची प्रकृती मूळची अंतर्मुख. नाटकाला लागणारी चपलता, संवादाची फेक, प्रेक्षकाला डोळ्यांनी धरून ठेवण्याची कला, या गोष्टी बालगंधर्वांच्या ठायी उपजत होत्या; हिराबाईंना त्या प्रयत्नाने साधाव्या लागल्या. पद सुरू झाले की मात्र पारडे फिरे. नाट्यपदाला तानांच्या आतषबाजीतून बाहेर काढून त्यातील शब्द आणि सूर श्रोत्यापर्यंत नीट पोहोचविणे, हे त्यांचे रंगभूमीला दिलेले देणे होय.

परंतु काळ फिरला होता. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा पहिला हिंदी बोलपट मुंबईत झळकला आणि १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. नाटक कंपनी म्हणजे एक चालते गाव. नट, साथीदार, आचारी, पडदे ओढणारे, सामानाच्या पेट्या आणि या साऱ्यांचे रेल्वेचे भाडे. खेळ होवो की न होवो, खर्च चालूच. त्याच्या उलट बोलपटाची रिळे एका डब्यात मावत आणि तिकीट स्वस्त. एकामागून एक मराठी नाटक मंडळ्या बसू लागल्या. ‘नाट्यमन्वंतर’ने १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात ज्योत्स्ना भोळे यांच्यासारख्या गायिकांना घेऊन नव्या नाटकाची दिशा दाखविली. परंतु जुन्या धर्तीच्या संगीत कंपन्यांचे तारू त्याने वाचणारे नव्हते. हिराबाईंची मंडळीही काही वर्षांतच बंद पडली, आणि मागे राहिले कर्जाचे ओझे.

येथे त्यांच्या आयुष्याचा खरा कस लागला. कंपनी सर्वांची होती, कर्ज मात्र हिराबाईंनी आपले मानले. हात वर करून मोकळे होण्याच्या वाटा अशा वेळी पुष्कळ असतात. हिराबाईंनी त्यांतील एकही धरली नाही. गावोगाव मैफली करून, वर्षानुवर्षे प्रवास करून, त्यांनी ते कर्ज फेडले. गळा हेच उत्पन्नाचे साधन असल्यावर त्याला विश्रांती कशी मिळावी? थंडी, धूळ, रात्रीचे जागरण आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तंबोरा. या फेडीच्या वर्षांतही त्यांच्या गाण्यात घाई शिरली नाही, की स्वस्त रंजकता शिरली नाही.

ज्या बोलपटाने त्यांची कंपनी बुडविली, त्याच बोलपटाकडूनही त्यांना बोलावणे आले. ‘सुवर्णमंदिर’, ‘प्रतिभा’, ‘जनाबाई’ अशा चित्रपटांतून त्या पडद्यावर दिसल्या. यांपैकी १९३७ चा ‘प्रतिभा’ विशेष ध्यानात घेण्याजोगा. कोल्हापूरच्या शालिनी सिनेटोनचे ते चित्र, बाबूराव पेंटर त्याचे दिग्दर्शक आणि गोविंदराव टेंबे संगीतकार. दुर्गा खोटे, केशवराव दाते, नानासाहेब फाटक यांच्यासारखी नटमंडळी त्यात होती. मराठी नाटक, संगीत आणि चित्रकला या तिघांचे एवढे मोठे मेळावे त्या काळीही वारंवार होत नसत. तरीही चित्रपट हे हिराबाईंचे घर झाले नाही. पडद्यावरील गाणे तीन-चार मिनिटांचे. दिवा, कॅमेरा आणि ध्वनियंत्र सांगेल तेव्हा सुरू करावयाचे, आणि सांगेल तेव्हा थांबवावयाचे. वहीद खांच्या शिष्येला तेथे किती काळ करमावे? थोड्याच चित्रपटांनंतर त्या मैफलीत परतल्या त्या कायमच्या.

मात्र नाटकाची आणि चित्रपटाची ही वर्षे फुकट गेली असे समजणे चूक ठरेल. घराण्याची गायकी जशीच्या तशी जाणकारांपुढे मांडणारे गवई पुष्कळ होते. हजार माणसांच्या नाट्यगृहात मागच्या रांगेतल्या माणसालाही आपले गाणे कळले पाहिजे, ही जाणीव हिराबाईंना रंगभूमीने दिली. आणि थोडक्या वेळात पुरते चित्र उभे कसे करावे, हे ध्वनिमुद्रिकांनी व चित्रपटाने शिकविले. म्हणूनच त्यांच्या मैफलीत आरंभी विलंबित ख्याल असे आणि त्याच्या शेजारी ठुमरी, नाट्यपद व भजन हीही मानाने बसत. आकाशवाणीवरून त्यांचा सूर घराघरांत पोहोचला; पूर्व आफ्रिका आणि चीनपर्यंत त्यांचे गाणे गेले. पुढे सरस्वतीबाई राणे यांच्यासह त्यांनी केलेले सहगायन ही स्त्री-गायिकांच्या जुगलबंदीची नवी प्रथा ठरली. १९६५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० मध्ये पद्मभूषण हे सन्मान त्यांना मिळाले. १९८९ मध्ये त्यांचे निधन झाले.

सुरेशबाबू १९५३ मध्येच गेले होते. या दोघा बहीणभावंडांपाशी शिकलेल्या प्रभा अत्रे यांनी त्यांची परंपरा एकविसाव्या शतकात आणली आणि २०२४ मध्ये निधन होईपर्यंत ती सांभाळली. गुरूंच्या नावाने मुंबईत संगीतसमारोह भरविण्याचा उपक्रमही त्यांनीच सुरू केला. आज एखाद्या गावात कोणी मुलगी शास्त्रीय संगीताच्या परीक्षेला बसते, तिचे आईवडील पहिल्या रांगेत बसून तिचे गाणे ऐकतात आणि यात काही विशेष घडते आहे असे कोणालाच वाटत नाही.

गंगाधररावांच्या झाशीपासून येथपर्यंतचे अंतर मोठे आहे. ते एकट्या हिराबाईंनी तोडले असे नव्हे. परंतु त्यातील सर्वांत अवघड टप्पा त्या चालून गेल्या. नाटक कंपनीचे जे कर्ज त्यांच्या माथी आले, ते त्यांनी दामदुपटीने फेडले असे म्हणता येईल. कारण पैशांबरोबर गाणाऱ्या स्त्रीची अब्रूही त्यांनी समाजाकडून सोडवून आणली. ते ऋण मात्र अजून आपल्या खात्यावर उभे आहे.