श्वास वाचवू नये

मालवणच्या किनाऱ्यावर सुट्टीच्या दिवसांत एक दृश्य हमखास दिसतं. पाण्याखालचे रंगीत मासे पाहून माणसं होडीत परत येतात, फोटो कसे आले ते विचारतात आणि जरा वेळानं कपाळ चेपत बसतात. डोकं ठणकत असतं. कुणी म्हणतं ऊन लागलं, कुणी म्हणतं पित्त. गोळी घेतली की विषय संपतो.

मी कवी माणूस, बी.ए.पर्यंत शिकलेला, डॉक्टर नव्हे. पण माझा भाचा तिथे पर्यटकांना स्कूबा डायव्हिंगला नेतो. हंगामात त्याचंही डोकं रोज संध्याकाळी धरायचं. माझ्या बहिणीनं मिरच्या ओवाळून नजर काढली, बाम चोळला. "मामू, गोळीचासुद्धा उपयोग होत नाही," असं तो म्हणाला, तेव्हा मी या गोष्टीच्या मागे लागलो. त्याच्या वस्तादानं मात्र एकच प्रश्न विचारला, "टाकीत हवा किती उरवतोस?" भाच्यानं अभिमानानं सांगितलं, "सगळ्यांपेक्षा जास्त."

दुखणं तिथेच होतं. हवा पुरावी म्हणून तो प्रत्येक श्वासानंतर जरा थांबायचा. आपल्याला वाटतं, प्राणवायू कमी पडला की जीव घाबरा होतो. खरं तर श्वासाची निकड मुख्यतः लावतो तो रक्तात साठणारा कार्बन डायऑक्साइड. जॉन स्कॉट हाल्डेन आणि प्रिस्टली या शास्त्रज्ञांनी हे 1905 मध्येच दाखवून दिलं. (पुढे भारतात येऊन स्थायिक झालेले जे. बी. एस. हाल्डेन हे या हाल्डेनांचे चिरंजीव.) हा वायू साठला की मेंदूच्या रक्तवाहिन्या फुगतात आणि डोकं ठणकू लागतं. त्यात दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट, म्हणून हवाही दुप्पट दाट. ती आत-बाहेर करायलाच जास्त कष्ट पडतात. वर हातपाय जोरात मारले, तर विचारायलाच नको. उपाय साधा आहे: सावकाश, खोल, न थांबता श्वास घ्यायचा आणि तो पुरता सोडायचा. कविता वाचताना आम्ही यतीवर थांबतो. पाण्याखाली यती नको. वर येताना श्वास रोखला तर प्रसरण पावणाऱ्या हवेनं फुप्फुसालाच इजा होते, जिवावर बेतू शकतं.

दुसरं कारण सर्दी. भुवयांच्या वर आणि गालांच्या हाडांत हवेच्या पोकळ्या असतात, त्यांना आपण सायनस म्हणतो. त्यांची वाट चोंदली असेल आणि आपण खाली जाऊ लागलो, तर आतला आणि बाहेरचा दाब जुळत नाही. डोळ्यांच्या वर सुरी खुपसल्यासारखं होतं, कधी नाकातून रक्तही येतं. तिथून हळूहळू वर यावं, हट्टानं खाली जाऊ नये. पण पैसे भरलेले असतात, पोरंबाळं उत्साहात असतात, मग नाक मोकळं करणारं औषध घेऊन लोक उतरतात. त्याचा असर खालीच ओसरला, तर वर येताना हवा आत कोंडते आणि दुखणं दुप्पट होतं. माझ्या मते सर्दी झालेल्या माणसाला होडीवालाच "आज नको" म्हणाला, तर त्यानं आपलं भलंच केलं असं समजावं.

मास्कचा पट्टा फार आवळला, भीतीनं दातांखाली माउथपीस चावून धरला, मान सारखी मागे ताणली, सकाळपासून पाणी प्यायलो नाही, तरी डोकं दुखतं. ही दुखणी बहुधा विश्रांतीनं जातात.

होडीतल्या दोघा-चौघांचं डोकं एकदम दुखू लागलं, मळमळ होऊ लागली, तर मात्र टाकीतल्या हवेचा संशय घ्यावा. हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनाच्या धुराजवळ असला, तर कार्बन मोनॉक्साइड टाकीत शिरतो. त्याला वास नसतो, आणि खोलीवर दाब वाढल्यानं थोडासाही जास्त बाधतो. अशा वेळी डायव्हिंग थांबवावं, शुद्ध ऑक्सिजन द्यावा, दवाखाना गाठावा आणि ती टाकी तपासणीसाठी बाजूला ठेवावी.

सगळ्यांत दुर्लक्षित धोका वर आल्यानंतरचा. दाबाखाली रक्तात आणि शरीरात विरघळलेला नायट्रोजन घाईनं वर येणाऱ्याच्या अंगात बुडबुडे करतो. खोल आणि वरचेवर उतरणाऱ्यांना हा धोका अधिक. डोकेदुखीबरोबर सांधे दुखले, मुंग्या आल्या, हातापायातलं बळ गेलं, चक्कर आली किंवा बोलणं अडखळलं, तर बाम लावून झोपू नये. लक्षणं काही तासांनीही सुरू होतात. ऑक्सिजन लागतो, अनेकदा दाबाच्या खोलीत ठेवून उपचार करावे लागतात. म्हणून सकाळी मालवणला डुबकी आणि संध्याकाळी गोव्याहून विमान, हा बेत करू नये. विमानात हवेचा दाब आणखी कमी होतो. एकदाच उतरला असाल तर निदान बारा तास, अनेकदा उतरला असाल तर निदान अठरा तास जाऊ द्यावेत. तिकीट काढतानाच हा हिशेब करावा. मालवणी जेवणाला तेवढाच एक दिवस जास्त मिळतो.