गाडीखालचा वाकडा दांडा



आज गाडीबद्दल बोलायचं आहे. आता पुष्कळ गटांकडे स्वतःची गाडी आहे. कुणी कर्ज काढून नवी घेतली, कुणी जुनी घेतली, कुणाकडे २०१७ साली सुरू झालेल्या आजीविका ग्रामीण एक्स्प्रेस योजनेतून आली. गाडी दारात आली की आपण हार घालतो, नारळ फोडतो, डिझेलची वही ठेवतो. पण गाडीच्या खाली काय आहे ते वाकून कुणी बघत नाही. ते मिस्त्रीचं काम, असं म्हणून आपण मोकळ्या होतो आणि तो सांगेल ते बिल देतो.

आमच्या गटाची गाडी जुनीच घेतलेली. आम्ही पाटण तालुक्यातले. नाचणीचे पापड, कुरडया, मसाला असा माल घेऊन गाडी आठवड्यातून दोनदा कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाते. मालाबरोबर पाच-सहा बायका असतातच. रात्री-अपरात्री गावातली बाळंतीण दवाखान्यात न्यायची झाली तरी हीच गाडी निघते. चालवते गटातलीच एक वहिनी, रीतसर परवाना काढलेली.

पाऊस सरता सरता वहिनी म्हणाली, "पुढं डाव्या चाकापाशी टक-टक वाजतंय. एकच चाक खड्ड्यात गेलं की वाजतं, सरळ रस्त्याला नाही." हे तिचं निरीक्षण फार मोलाचं होतं, का ते पुढे सांगते. आम्ही मिस्त्रीची वेळ घेतली, पण त्याच्या आधीच्याच फेरीला घाटाच्या एका वळणावर खाडकन आवाज झाला आणि गाडी बाहेरच्या अंगाला कलली. घसरली नाही, कुणाला लागलं नाही, पण मागच्या बायका एकमेकींच्या अंगावर गेल्या आणि पापडाची खोकी दारावर आदळली. वहिनीने गाडी कडेला घेतली, खाली वाकून बघितलं, लोंबणारं टोक दोरीने चाकापासून लांब बांधलं आणि बैलगाडीच्या चालीने घाट उतरवला. टोक बांधलं हे फार बरं केलं. असं सुटं टोक टायरला घासू शकतं, ब्रेकच्या नळीला लागू शकतं.

तुटला होता तो स्टॅबिलायझर बार. कागदोपत्री त्याला अँटी-रोल बार म्हणतात, स्वे बारही म्हणतात. वस्तू एकच. लोखंडाचा गोल दांडा, दोन्ही बाजूंनी वाकवलेला. मधला भाग गाडीच्या सांगाड्याला दोन रबरी बुशांमध्ये धरलेला असतो आणि दोन टोकं लिंक नावाच्या छोट्या दांडीने डाव्या-उजव्या चाकाच्या आर्मला जोडलेली असतात.

तो काय करतो? आपण दोघी मिळून ओलं लुगडं पिळतो ते आठवा. दोघींनी आपापलं टोक एकाच बाजूला सारखंच फिरवलं तर पीळ पडत नाही, लुगडं नुसतं गोल फिरतं. एकीने धरून ठेवलं आणि दुसरीने फिरवलं की पीळ पडतो आणि हाताला ओढ लागते. बारचं तसंच. दोन्ही चाकं एकदम उचलली, समजा गतिरोधकावरून गेली, तर बार बुशात नुसता फिरतो. पण वळणावर गाडी एका अंगाला झुकायला लागली, म्हणजे एका बाजूचं चाक वर दबलं आणि दुसरं सैल झालं, की बारला पीळ पडतो. तो पीळ उलगडायला बघतो आणि तेवढा जोर लावून गाडीला झुकू देत नाही. आता वहिनीचं म्हणणं लक्षात येईल. एकच चाक खड्ड्यात गेलं की आवाज, म्हणजे पीळ पडतो तेव्हाच आवाज. मिस्त्री म्हणाले, एवढं कुणी सांगत नाही, नुसतं 'पुढून वाजतंय' म्हणतात.

तुटलेले दोन तुकडे मिस्त्रींनी काढून फरशीवर ठेवले. तुटीचं तोंड बघण्यासारखं होतं. निम्म्याहून जास्त भाग काळपट, गंजलेला. उरलेला भाग पांढरा, चकचकीत. याचा अर्थ बार त्या दिवशी तुटला नव्हता. बुशाच्या कडेला, जिथे चिखल आणि पाणी साठतं तिथे कधीतरी बारीक चीर पडली होती. प्रत्येक पिळाबरोबर ती वाढत गेली, आत पाणी शिरून गंज चढत गेला. त्या दिवशी घाटात राहिलेलं तेवढं तुटलं. तुमच्या गाडीचा कुठलाही भाग तुटला, मग तो पाट्याचा तुकडा असो की बोल्ट, फेकून देण्याआधी त्याचं तोंड बघा. सगळं चकचकीत असेल तर एकदम मोठा मार बसून तुटला असेल. काळं आणि पांढरं असं दोन रंगांत असेल तर ते दुखणं जुनं आहे.

आणखी एक कळलं. बार कंपनीचा नव्हता. आधीच्या मालकाने केव्हातरी बाजारातला लोकल बार बसवला होता. त्यावर क्रमांक नाही, ठसा नाही, नुसता जाड काळा रंग. मिस्त्रींनी व्हर्नियर लावला तर जाडी भरली २० मिलिमीटर. आमच्या गाडीला कंपनी देते २२ मिलिमीटरचा. दोन मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं तिथे दोघी-तिघींना वाटलं. हिशोब मात्र असा आहे की भरीव बारची पिळाला अडवायची ताकद नुसत्या जाडीवर जात नाही. जाडीला जाडीने गुणायचं, असे चार वेळा जाडीचे आकडे घेऊन. घरात दहावी-बारावीची मुलगी असेल तिला वही घेऊन बसवा. २२ चार वेळा गुणले की २,३४,२५६ येतात आणि २० चार वेळा गुणले की १,६०,०००. म्हणजे दोन मिलिमीटरने जवळजवळ तिसरा हिस्सा ताकद गेली. गाडी पहिल्यापासूनच वळणावर जरा जास्त झुकायची, ती त्यामुळे. आम्हाला वाटायचं, जुनी गाडी आहे, चालायचंच. बारीक होता म्हणून तुटला, असं मात्र म्हणता येणार नाही. तुटला तो चीर आणि गंज यामुळे.

मग जाडच का बसवू नये, २४ चा? हेही एकीने विचारलं. तर कंपनीने पुढच्या आणि मागच्या बाजूचा मेळ घालून जाडी ठरवलेली असते. पुढचा बार फार कडक केला की वळणावर पुढची चाकं लवकर घसरायला लागतात, आणि लिंक-बुशांवर ताण येतो तो वेगळाच. आपल्याला शर्यत लावायची नाही.

खरी वादावादी पुढे झाली. गॅरेजच्या शेजारच्या वेल्डिंगवाल्याने सांगितलं, "४०० रुपयांत जोडून देतो, संध्याकाळी गाडी न्या." बाजारातला लोकल बार १,५०० ला होता. कंपनीचा ३,४०० ला, तोही चार दिवसांनी येणार. बुश, लिंक, मजुरी धरून ५,६०० होत होते. आमची खजिनदार काकू म्हणाली, पाच तारखेला हप्ता आहे, गाडी चार दिवस उभी राहिली तर एक फेरी बुडते, आणि गाडीचा निधी आपण टायरसाठी धरून ठेवलाय. तिचं काही खोटं नव्हतं. आमच्याकडे प्रत्येक किलोमीटरमागे दोन रुपये वेगळे टाकतो, त्यातून पावसाळ्याआधी टायर घ्यायचे असतात.

पण वेल्डिंगचं ऐकून तिथे बसलेल्या एका म्हाताऱ्या लोहारबाबांनीच मान हलवली. म्हणाले, "विळ्याला पाणी देत्यात म्हणून धार टिकती. त्योच विळा चुलीत तापवा, पाणी उतरतंय. मग गवत सुदिक कापत न्हाई." स्टॅबिलायझर बार स्प्रिंगच्या पोलादाचा असतो. तापवून, विझवून, पुन्हा ठरावीक तापवून त्याला लवचीकपणा आणलेला असतो. वेल्डिंगच्या आगीने नेमका जोडाजवळचा भाग बिघडतो, कुठे मऊ पडतो, कुठे काचेसारखा ठिसूळ होतो. वरून जोड भक्कम दिसेल आणि तुटेल तो जोडाच्या शेजारी. दाराची कडी, बाकाचा पाय खुशाल वेल्ड करा. पीळ सोसणारी वस्तू करू नका.

लोकल बारबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. बाजारातला म्हणजे वाईटच, असं मी म्हणणार नाही. काही कारखाने गाडीच्या कंपन्यांनाच माल पुरवतात आणि तोच स्वतःच्या नावाने बाजारातही विकतात. तो चांगला असतो. पण मग त्यावर बनवणाऱ्याचं नाव हवं, क्रमांक हवा, पक्कं बिल हवं. आम्हाला दाखवलेल्या बारला यातलं काही नव्हतं. दुकानदार म्हणाला, "ताई, सेम टू सेम आहे." वहिनीने पिशवीतून तुटके तुकडे काढून शेजारी ठेवले आणि व्हर्नियर मागितला. तोही २० चाच निघाला. दुकानदार वहिनीला सोडून माझ्याकडे बघून म्हणाला, "यांना काय गॅरेज काढायचंय का?" वहिनी हसली, आणि आम्ही तिथून निघालो.

बैठकीत हात वर झाले ते कंपनीच्या बारसाठी, बारापैकी नऊ. फेरी बुडाली. टायर दोन महिने पुढे गेले. काकूने वहीत तसं लिहिलं आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

आता बसवण्याचं सांगते, कारण तिथे उभं राहून बघण्यासारखं पुष्कळ आहे. गाडी सपाट जमिनीवर, मागच्या चाकांना दगड, हँडब्रेक ओढलेला. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणालाही जाऊ देऊ नका, मिस्त्रीच्या पोऱ्यालाही. लोखंडी स्टँड लावलेच पाहिजेत. पुढची दोन्ही चाकं सारखी उचलायची. एकच उचललं तर बारला पीळ राहतो आणि बोल्ट सुटताच टोक उसळून हाताला लागतं.

नवा बार आणि जुने तुकडे शेजारी ठेवून वाक जुळतो का, भोकांमधलं अंतर जुळतं का ते बघायचं. बुश नवे लागतात, कारण जुने बुश २० मिलिमीटरचे, त्यात २२ चा बार बसत नाही, बळंच बसवला तर रबर फाटतं. काकूने विचारलं होतं, बुश तर चांगले दिसतायत, मग बदलायचे कशाला? त्याचं उत्तर हे. रबरी बुशाला साधं ग्रीस चोपडू देऊ नका, रबर फुगून खराब होतं. साबणाच्या पाण्याने ते आत सरकतात. लिंक हाताने हलवून बघा. आमच्या एका लिंकचा गोळा खुळखुळत होता, म्हणून दोन्ही बदलल्या. जुने लॉकनट पुन्हा वापरायचे नसतात.

सगळे बोल्ट आधी हलके बसवायचे, मग गाडी चाकांवर उतरवायची आणि वजन आल्यावर शेवटचं घट्ट करायचं. अधांतरी असतानाच आवळलं तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर जातं. शेवटी स्टीअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे फिरवून बार कुठे टायरला किंवा ब्रेकच्या नळीला लागत नाही ना, ते बघायचं. वहिनीने हे सगळं चटई टाकून खालून बघितलं. मिस्त्रींनी तिच्या हातात पाना दिला आणि दुसऱ्या बाजूचे बोल्ट तिच्याकडून आवळून घेतले.

बिलात अलाइनमेंटचे पैसे लावले असतील तर कारण विचारा. नुसता बार बदलल्याने चाकांचा कोन बदलत नाही. जुना भाग परत मागा. पक्कं बिल घ्या, त्यावर भागाचा क्रमांक लिहून घ्या. फसवणूक झाली असं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तिथे फोन करता येतो.

दोन फेऱ्या झाल्या की बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्यायचे. आमच्या दोन फेऱ्या परवा झाल्या, एका बोल्टला पाव फेरा बसला. आणि हो, टपावर पोती लादू नका. बार कितीही चांगला असला तरी वजन जितकं उंच, तितकी गाडी जास्त झुकते. पोती खाली, पापड वर. नमस्कार.